क्रोम अपडेट केलं, पण ॲपच्या आत दडलेल्या ब्राउझरचं काय?

हर्सूल टी पॉइंटच्या आसपास एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात गेलात की संवाद ठरलेला असतो. "दादा, आधारची प्रिंट पाहिजे." "या नंबरवर व्हॉट्सॲप करा." आपण फाईल पाठवतो, दुकानदार ती कॉम्प्युटरवर उघडतो, प्रिंट निघते आणि पैसे देऊन आपण बाहेर पडतो.

दिवसभरात अनोळखी लोकांच्या कितीतरी फाईल अशा एकाच कॉम्प्युटरवर उघडल्या जातात. त्यावरचं ॲप किती जुनं आहे, हे ना गिऱ्हाईक विचारतं, ना दुकानदार बघतो. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, तेव्हापासून जुन्या कॉम्प्युटरची चर्चा वाढली आहे. पण त्याच चर्चेतला एक भाग मागेच राहिला. तो म्हणजे ॲपच्या आत दडलेला ब्राउझर.

ॲपच्या आत ब्राउझर कुठून आला?

डिस्कॉर्ड, स्लॅक, सिग्नल, व्हीएस कोड ही कॉम्प्युटरवरची ॲप्स दिसायला वेगवेगळी आहेत, पण आतून एकाच साच्यातली. त्या साच्याचं नाव इलेक्ट्रॉन. गिटहबने 2013 मध्ये 'ॲटम शेल' नावाने त्याची सुरुवात केली आणि 2015 मध्ये त्याचं नाव इलेक्ट्रॉन झालं.

कल्पना सोपी आहे. वेबसाईट बनवता येते त्याच पद्धतीने ॲप बनवा आणि ते चालवायला सोबत ब्राउझरही देऊन टाका. म्हणून अशा प्रत्येक ॲपच्या पोटात क्रोमियम हे इंजिन असतं. गुगल क्रोमही याच इंजिनावर चालतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर जवळपास एकच कोड चालतो, त्यामुळे कंपनीचा खर्च वाचतो.

टाकी कुणी धुवायची?

संभाजीनगरकरांना हे पाण्याच्या टाकीवरून लगेच कळेल. इथे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी गच्चीवर टाकी असते. जायकवाडीहून येणारं पाणी कितीही शुद्ध केलं, तरी टाकीत शेवाळ असेल तर नळातून काय येणार? शिवाय शेजाऱ्याने त्याची टाकी धुतली म्हणून आपली स्वच्छ होत नाही.

क्रोम अपडेट करणं म्हणजे एक टाकी धुणं. डिस्कॉर्डची वेगळी, स्लॅकची वेगळी. फरक एवढाच की या टाक्यांची किल्ली आपल्याकडे नसते. त्या ॲप बनवणाऱ्या कंपनीनेच धुवायच्या असतात.

व्हॉट्सॲपमध्ये काय सापडलं होतं?

हा धोका नुसता कागदावरचा नाही. कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप तेव्हा इलेक्ट्रॉनवर चालायचं. परिमीटरएक्स कंपनीचे सुरक्षा संशोधक गॅल वाइझमन यांना त्यात एक त्रुटी सापडली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये ती जाहीर झाली. मुद्दाम तयार केलेल्या मेसेजमधल्या लिंकच्या प्रिव्ह्यूवर क्लिक केलं, की समोरच्याला तुमच्या कॉम्प्युटरमधल्या फाईल वाचता येऊ शकत होत्या. फोनवरचं व्हॉट्सॲप जुन्या आयफोन आवृत्तीचं असेल, तर हे शक्य होतं.

चूक व्हॉट्सॲपच्या कोडमध्ये होती, पण वाइझमन यांनी आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं. क्रोम 78 व्या आवृत्तीवर पोचला होता, तरी व्हॉट्सॲपच्या आतलं इंजिन 69 वरच होतं. म्हणजे साधारण वर्षभर मागे. त्या वर्षात क्रोममध्ये बुजवलेली भोकं या ॲपमध्ये उघडीच होती. कंपनीने नंतर दुरुस्त आवृत्ती दिली.

एका फोटोने सगळ्यांना पळवलं

सप्टेंबर 2023 मध्ये प्रकरण आणखी मोठं झालं. वेबपी प्रकारचे फोटो उघडणाऱ्या 'लिबवेबपी' या छोट्या घटकात गंभीर त्रुटी सापडली. ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरंटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी ती कळवली होती आणि तिचा प्रत्यक्ष गैरफायदाही घेतला जात होता. खास तयार केलेल्या फोटोतून हल्लेखोराला आपला कोड चालवण्याची वाट मिळू शकत होती.

गुगलने 11 सप्टेंबरला क्रोम दुरुस्त केला. इलेक्ट्रॉननेही त्याच आठवड्यात दुरुस्त आवृत्त्या दिल्या. पण पुढचं पाऊल प्रत्येक ॲपने स्वतः टाकायचं होतं. नवा इलेक्ट्रॉन घ्यायचा, ॲप पुन्हा बांधायचं, तपासायचं आणि लोकांपर्यंत पोचवायचं. जे ॲप थांबलं, त्याचे वापरकर्ते त्यांच्या नकळत उघडे राहिले.

मग कंपन्या इंजिन वेळेवर का बदलत नाहीत?

पहिलं कारण म्हणजे वेग. इलेक्ट्रॉनची नवी मोठी आवृत्ती दर 8 आठवड्यांनी येते आणि फक्त शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांना सपोर्ट असतो. हिशेब केला तर एक आवृत्ती जेमतेम साडेपाच महिने टिकते. मोठ्या कंपनीला हे झेपतं. दोन-तीन जणांच्या टीमला नाही.

दुसरं कारण मोडतोड. 2021 मध्ये इलेक्ट्रॉन 14 ने 'रिमोट' हा भाग काढून टाकला. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण ज्यांची ॲप्स त्यावर उभी होती त्यांना बराच कोड नव्याने लिहावा लागला.

तिसरं कारण झेरॉक्सच्या दुकानाला थेट भिडतं. क्रोम 109 ही विंडोज 7 आणि 8.1 वर चालणारी शेवटची आवृत्ती. 2023 च्या सुरुवातीला आलेल्या इलेक्ट्रॉन 23 नेही या विंडोजची साथ सोडली. म्हणजे ॲपने इंजिन बदललं तर जुना कॉम्प्युटर बाहेर फेकला जातो आणि नाही बदललं तर सगळेच वापरकर्ते धोक्यात राहतात. अशा वेळी बहुतेक कंपन्या पुढे जातात. आणि नवा कॉम्प्युटर घेणं ज्याला परवडत नाही, तोच सर्वात जुन्या इंजिनावर अडकतो.

सामाईक पाईपलाईनचा पर्याय

मायक्रोसॉफ्टचा वेबव्ह्यू2 वेगळ्या वाटेने जातो. त्यात प्रत्येक ॲपमध्ये वेगळं इंजिन भरत नाहीत. विंडोजमध्ये एकच सामाईक इंजिन असतं, ते आपोआप अपडेट होतं आणि ॲप्स तेच वापरतात. 2025 च्या अखेरीस विंडोजवरचं व्हॉट्सॲप याच पद्धतीवर गेलं. ते जास्त रॅम खातं अशी ओरड झाली आणि ती रास्त आहे. पण निदान आतलं इंजिन वर्षभर जुनं राहण्याची भीती कमी झाली.

विंडोज 10 वाल्यांसाठीही थोडा दिलासा आहे. या विंडोजवर एज आणि वेबव्ह्यू2 चे अपडेट किमान ऑक्टोबर 2028 पर्यंत देऊ, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. मात्र त्याने खुद्द विंडोजमधली भोकं बुजत नाहीत.

तुम्ही काय करू शकता?

- ॲपने 'रीस्टार्ट टू अपडेट' म्हटलं की पुढे ढकलू नका. अनेकदा नवं इंजिन त्यातूनच येतं.
- वापरात नसलेली ॲप्स काढून टाका. तेवढ्या टाक्या कमी.
- ॲपला वर्षभर अपडेटच आलं नसेल, तर तीच सेवा अद्ययावत ब्राउझरमध्ये उघडा.
- दुकानात विंडोज 7 असेल, तर त्यावर गिऱ्हाइकांच्या फाईल उघडू नका. यंत्र चांगलं असेल तर त्यावर लिनक्स टाकता येतं, तेही फुकट.
- प्रिंट काढायला जाताना चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले 8 आकडे झाकलेले असतात. काम झालं की तुमच्यासमोर फाईल डिलीट करायला सांगा.

यात दुकानदाराचा दोष फारसा नाही. आपल्या ॲपमध्ये कितवं इंजिन आहे, हे बहुतेक कंपन्या ठळकपणे सांगतच नाहीत. व्हीएस कोडच्या 'अबाउट'मध्ये इलेक्ट्रॉन आणि क्रोमियम या दोन्हींचे आकडे दिसतात. तेवढी एक ओळ प्रत्येक ॲपने दाखवली, तरी टाकी शेवटची कधी धुतली हे वापरणाऱ्याला कळेल.