हळदीनंतर गालाला हात कोणी लावला?

मैत्रिणींनो, आज एक प्रश्न विचारते. तुमच्या चेहऱ्यावरून मायेने हात फिरवून तेल कोणी लावलं होतं, ते आठवतं का? शेवटचं कधी?

हा प्रश्न मला पडला तो आमच्या बचत गटाच्या बैठकीत. अंबरनाथ पूर्वेला आमच्या एका गटाची दर महिन्याला बैठक असते. हप्ते गोळा झाले, वह्या लिहून झाल्या की एखाद्या विषयावर गप्पा होतात. त्या दिवशी आमची एक सभासद पदराने अर्धा चेहरा झाकून कोपऱ्यात बसली होती. एरवी सगळ्यांत जास्त बडबड तिचीच. खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने पदर बाजूला केला. दोन्ही गाल लालभडक, कपाळावर काळपट चट्टे.

झालं होतं असं, की भाच्याच्या लग्नात चारचौघींत उठून दिसावं म्हणून तिने ओळखीच्या एका पार्लरवालीकडून क्रीमची डबी घेतली. डबीवर ना कंपनीचं नाव, ना गाव. "पूर्ण आयुर्वेदिक आहे, रोज रात्री याने चेहऱ्याला मालिश करा," असं तिला सांगितलं गेलं. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. शेजारणी विचारायला लागल्या, हीसुद्धा खूश. लग्न झालं, डबी संपली आणि आठवड्याभरात चेहऱ्याची आग आग व्हायला लागली. आम्ही तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. क्रीममध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असावं, असं ते म्हणाले. ती मात्र पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "ताई, आयुर्वेदिक होतं ना? मग अपाय कसा झाला?"

तिच्या या प्रश्नानेच मी अस्वस्थ झाले. 'आयुर्वेदिक' हा शब्द ऐकला की आपण डोळे मिटून विश्वास टाकतो. आजीच्या बटव्यातलं काहीतरी असेल, वाईट कसं असेल? आणि नेमका याच विश्वासाचा धंदा होतो.

अकोल्याची घटना काहीजणींनी वाचली असेल. एकाच घरातल्या आई आणि दोन मुली, तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. कारण शोधता शोधता डॉक्टर पोचले ते तिघी वापरत असलेल्या क्रीमपर्यंत. ती स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी या प्रकरणाचा माग काढला, क्रीमची तपासणी झाली आणि तिच्यात पारा सापडला. २०२३ साली ही बातमी छापून आली.

पारा घालतात कशासाठी? त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होण्याची क्रिया पारा अडवतो. म्हणून थोड्याच दिवसांत माणूस उजळ दिसतो. पण पारा काही गालावर थांबत नाही. तो त्वचेतून रक्तात जातो आणि रक्त गाळणाऱ्या मूत्रपिंडाला इजा करतो. मग पायांवर, चेहऱ्यावर सूज येते, लघवीला फेस येतो. आपल्याकडच्या २०२० च्या नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली, तर सौंदर्यप्रसाधनात दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा चालत नाही, तोही चुकून आलेला. स्टिरॉइडची मलमंही २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम आहेत. पण बिननावाच्या डबीला कुठला नियम लावणार?

मग प्रश्न उरतो, आयुर्वेद खरोखर काय सांगतो? मी काही वैद्य नाही, म्हणून एका वैद्य मैत्रिणीकडून समजून घेतलं. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात रोजची दिनचर्या सांगितली आहे. त्यात अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावणं, रोज करायला सांगितलंय आणि डोकं, कान, पाय यांच्याकडे विशेष लक्ष द्यायला सांगितलंय. कशासाठी? थकवा जावा, वात कमी व्हावा, झोप नीट लागावी, त्वचा चांगली राहावी. अजीर्ण झालं असेल किंवा कफ वाढला असेल, तर करू नये हेही तिथेच आहे.

चेहऱ्याच्या लेपाबद्दल त्याच ग्रंथात वेगळे नियम आहेत आणि ते मला फार आवडले. लेप चेहऱ्यावर वाळू द्यायचा नाही. वाळला तर त्वचा बिघडते. काढताना आधी ओला करायचा आणि मगच काढायचा. आपण काय करतो? मुलतानी मातीचा थर तडतडेपर्यंत बसतो आणि मग खरवडतो! लेप असताना बोलायचं नाही, शोक करायचा नाही, रागवायचं नाही. म्हणजे थोडा वेळ त्या बाईला कोणी हाक मारायची नाही, कोणी तिला चिडवायचं नाही आणि कोणी तिच्या डोळ्यांत पाणी आणायचं नाही. आपल्यापैकी किती घरांत हे पाळता येईल?

लेपाच्या प्रकारांत कांती सुधारणारा लेप आहे, नाही असं नाही. पण कांती म्हणजे गोरेपणा नव्हे. सावळ्या चेहऱ्यालाही कांती असते, आणि रात्र रात्र जागलेल्या गोऱ्या चेहऱ्याची कांती जाते. हा फरक बाजाराने पुसून टाकला. १९७५ पासून एक क्रीम आपल्या घराघरांत 'फेअर' म्हणजेच 'लव्हली' हे शिकवत आली. २०२० मध्ये तिच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. लग्नाच्या बाजारातली अपेक्षा मात्र तिथेच आहे.

पुढच्या बैठकीत आम्ही एक प्रयोग केला. क्रीम नाही, पार्लर नाही. एका वाटीत कोमट केलेलं तीळतेल, एका भांड्यात गरम पाणी आणि प्रत्येकीने आणलेला स्वच्छ पंचा. दोघीदोघींच्या जोड्या केल्या. एकीने दुसरीच्या चेहऱ्याला पाच-सात मिनिटं हलक्या हाताने तेल लावायचं, मग अदलाबदल. आधी नुसता हशा पिकला. मग हळूहळू खोली शांत झाली.

आमच्या गटात स्टेशनजवळ भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. साठी कधीच ओलांडली. त्यांच्या गालांवर एका तरुण सुनेने हात ठेवला आणि मावशींच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती पोर घाबरली, "दुखलं का मावशी?" मावशी म्हणाल्या, "नाही गं. लग्नात हळद लावली होती, त्यानंतर माझ्या तोंडाला हात कोणी लावलाच नव्हता. आज लावलास."

आम्ही कोणीच काही बोललो नाही. प्रत्येकजण मनात आपापला हिशोब करत होती.

खरंच आठवून बघा. हळदीला पाच सुवासिनी आपल्या गालाला हात लावतात. बाळंतपणात सव्वा महिना मालिशवाली येते, तीही नशिबात असेल तर. त्यानंतर? नरकचतुर्दशीला पहाटे उठून तेल गरम करते बाई, उटणं भिजवते बाई, मुलांना, दिराला, सासऱ्यांना हाका मारते बाई. पाडव्याला नवऱ्याला तेल लावते तीच. आणि तिचं अभ्यंगस्नान? सगळ्यांचं झाल्यावर, वाटीच्या तळाशी उरलेल्या तेलात, फराळाची ताटं वाढायची घाई असताना. अख्ख्या घराला तेल लावणाऱ्या बाईला तेल कोण लावतं?

बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणारी, उल्हासनगरात घरबसल्या जीन्सचे धागे कापणारी, अंबरनाथच्या एमआयडीसीत दिवसभर उभी राहणारी, या सगळ्यांचे चेहरे मी रोज बघते. दात आवळलेले, कपाळावर आठी. दिवसभर जबडा आवळून ठेवला की कानशिलं ठणकतात, डोकं जड होतं. हलक्या मालिशने हे स्नायू सैल पडतात, त्वचेचा रक्तप्रवाह वाढतो. शिवाय संथ, मऊ स्पर्श ओळखणाऱ्या खास नसा आपल्या त्वचेत असतात, असं आजचं शास्त्रही सांगतं. आईने पाठीवरून हात फिरवला की मूल शांत का होतं, याचं उत्तर तिथे आहे. मोठ्या बाईची त्वचा काही वेगळी नसते.

काहीजणी म्हणतील, "हे श्रीमंतांचे चोचले. आम्हाला कुठला वेळ?" पण यात दोन चमचे तेल आणि दहा मिनिटं लागतात. चोचले तर त्या बिननावाच्या डबीचे आहेत, त्यात पैसाही जातो आणि चेहराही.

करायचं असेल तर साधंच आहे. हात स्वच्छ धुवा. तीळतेल किंवा खोबरेल घ्या, पण आधी कानामागे थोडं लावून एक दिवस थांबा. खाज आली, तर ते तेल तुमच्यासाठी नाही. हनुवटीपासून कानापर्यंत, नाकापासून कानशिलापर्यंत आणि भुवयांच्या मधून कपाळावर, असा हात वर आणि बाहेर न्या. गळ्याच्या बाजूंना दाबू नका, डोळ्यांजवळ ओढू नका. शेवटी कानाच्या पाळ्या चोळा आणि कोमट पाण्यात पिळलेल्या पंचाने टिपून घ्या. तेलकट त्वचा, मुरुमं, जखम, ताप किंवा सर्दी असेल तर तेल नको. आणि एक महत्त्वाचं. अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर "वारं गेलं" म्हणून मालिश करत बसू नका. आधी रुग्णालय गाठा. तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

विकत काही घ्यायचंच असेल तर बाटली फिरवून वाचा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, मुदत आणि घटक. यातलं काही नसेल, तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, परत ठेवा. कुंकुमादी तेलात केशर असतं. केशराचा भाव आपल्याला ठाऊक आहे. मग शंभर रुपयांच्या बाटलीत ते किती असेल, हा हिशोब आपण बचत गटातल्या बायका सहज करू शकतो. फसवणूक झाली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. लाजून पदराआड बसू नका.

मालिशने वय लपत नाही, सुरकुत्या पुसल्या जात नाहीत, रंग तर मुळीच बदलत नाही. हे मी स्पष्टच सांगते, कारण उद्या कोणी निराश व्हायला नको. मिळते ती थोडी विश्रांती, बरी झोप आणि आपल्यालाही कोणी जपतंय, ही जाणीव.

आमच्या त्या मैत्रिणीचा चेहरा आता औषधांनी बराच निवळलाय. चट्टे अजून आहेत, पण ती पदर घेत नाही. गटात पुन्हा तिचीच बडबड सगळ्यांत जास्त. मावशी तर दर बैठकीला स्वतःच तेलाची वाटी घेऊन येतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. येत्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिलं तेल घरातल्या बाईला लागू दे. लेकीने आईला लावावं, सुनेने सासूला, सासूने सुनेला. आणि नवऱ्याने बायकोला लावलं, तर पाडव्याच्या ओवाळणीतून तेवढे पैसे कमी करायला आमची हरकत नाही!