प्लास्टर निघाले, उपचार संपला नाही

बाळाची पावले आत वळलेली, टाचा वर ओढलेल्या दिसल्या की अजूनही अनेक घरांत पहिली चौकशी ग्रहणाची होते. सुनेने ग्रहणात विळी हातात घेतली होती का? मग मालिश सुरू होते. ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही आणि नुसत्या मालिशने हे पाऊल सरळ होत नाही. हजारात साधारण एक बाळ असे जन्मते. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात.

नवजात बाळाच्या पावलातली बरीच हाडे अजून मऊ कूर्चेचीच असतात. इग्नासिओ पोन्सेटी यांनी नेमका याचाच उपयोग केला. स्पेनच्या मिनोर्का बेटावर १९१४ मध्ये जन्मलेले हे डॉक्टर पुढे अमेरिकेत आयोवाला स्थायिक झाले. लहानपणी मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांचे पाय पुढे ताठर आणि दुखरे होतात, हे त्यांना तिथे दिसले. मग त्यांनी वेगळी वाट धरली. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडे वळवायचे आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे. पाच-सहा प्लास्टरांत बहुतेक पावले वळणावर येतात. टाच खाली येत नसेल तर जागा बधिर करून टाचेमागची कंडरा छोट्याशा छेदाने कापतात. ती तीन आठवड्यांत, शेवटच्या प्लास्टरमध्ये, लांब होऊन जुळते. मोठी चिरफाड नाहीच. तरी अस्थिरोगतज्ज्ञांच्या दुनियेने ही पद्धत कित्येक दशके बाजूलाच ठेवली. अखेर इंटरनेटवर एकमेकांना शोधणाऱ्या पालकांनी तिचा बोलबाला केला. तज्ज्ञांसाठी हे फारसे भूषणावह नाही!

खरी कसोटी पुढेच. दांडीने जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालायचे. मूल रडते, पाऊल तर सरळ दिसते, ‘कशाला छळता लेकराला’ म्हणत आजी मध्ये पडते आणि बूट माळ्यावर जातात. पाऊल पुन्हा वळू लागते. दोष एकट्या आजीचा नाही. पाय वाढला की बूट बदलावे लागतात आणि तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने २०१३ पासून जन्मजात व्यंगांच्या तपासणीत क्लबफूटला स्थान दिले, हे चांगलेच झाले. पण नुसते व्यंग शोधून आणि प्लास्टर मोजून भागणार नाही. लसीची तारीख चुकली की आशाताई दारात येतात. बुटांचीही अशीच नोंद आरोग्य विभागाने त्यांच्या वहीत घ्यावी आणि मोठ्या मापाचे बूट तालुक्याच्या रुग्णालयातच मिळतील अशी सोय करावी.