पडदा काळा, मशीन जिवंत

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची दहावी आवृत्ती २०२५च्या मे महिन्यात आली ती एक्सऑर्ग सर्व्हर वगळूनच. त्याच वर्षी ऑक्टोबरात उबुंटू २५.१०मधून ग्नोमचे एक्सऑर्गवरचे सत्र गेले. जुनी अ‍ॅप चालत राहावीत म्हणून एक्सवेलँड आहे, पण पडदा आणि कळफलक यांचा कारभार आता वेलँडच्या कंपोझिटरकडे. या बदलाची चर्चा होते ती रिमोट डेस्कटॉप चालेल का, स्क्रीन शेअर होईल का, एवढ्यापुरती. ती व्हायलाच हवी. आम्हाला मात्र या अंकात बोलायचे आहे ते नवी इमेज बांधताना कोणाच्याच यादीत नसणाऱ्या एका गोष्टीबद्दल. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबल्यावर काय होते, आणि काय व्हायला हवे?

महाविद्यालयाची प्रयोगशाळा, ग्रंथालयातले शोधयंत्र, काउंटरवरचे मशीन, अशा कितीतरी इमेजमध्ये एक्सऑर्गच्या कॉन्फिगरेशनात 'डोन्ट-व्हीटी-स्विच' ही मजकुरी कन्सोलकडे जाणे रोखणारी ओळ मुक्कामाला असते. कोणी घातली आणि कशासाठी, हे सांगणारा माणूस बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो. वेलँडवर गेलात की ही ओळ वाचणारे कोणी राहत नाही. म्हणजे बंद आहे असे समजून चाललेला मजकुरी कन्सोल एके दिवशी गुपचूप उघडा होतो. मग एखादा विद्यार्थी तो शोधून काढतो, वरून विचारणा होते, आणि घाईघाईने सिस्टमडीच्या लॉगइनडीच्या फाइलमध्ये 'एन-ऑटो-व्हीटीज' आणि 'रिझर्व्ह-व्हीटी' दोन्ही शून्यावर आणली जातात. दोन महिन्यांनी कर्नल अपडेटनंतर ग्राफिक्स ड्रायव्हर कोलमडला की त्याच मशीनसमोर पेनड्राइव्ह घेऊन रीइन्स्टॉल करत बसायची पाळी येते. मशीन जिवंत असते, डिस्क धड असते, फक्त आत शिरायला वाट उरलेली नसते.

आमचे मत सरळ आहे. जिथे कळफलकाशी कर्मचारी किंवा विद्यार्थी बसतो, तिथे मजकुरी कन्सोल चालू असावा आणि तो कुठल्या क्रमांकावर आहे हे सांभाळणाऱ्याला ठाऊक असावे. बंद करायचा तो फक्त रस्त्यावरचा कोणीही येऊन बोटे चालवू शकतो अशा ठिकाणी.

लिनक्समध्ये व्हर्च्युअल कन्सोल, म्हणजे व्हीटी, आले ते जानेवारी १९९२च्या ०.१२ आवृत्तीत. त्याच वर्षी ओरेस्ट झ्बोरोव्स्की यांनी एक्स लिनक्सवर आणले, आणि तेव्हापासून एका पडद्यावर ग्राफिक्स आणि मजकूर यांना आळीपाळीने नांदावे लागते. कर्नल ६३पर्यंत व्हीटी देऊ शकतो, वापरात सहा-सात असतात. कुठला कशाला, याची प्रथा मात्र बदलत गेली. एक्स म्हणजे सातवा, हे ज्यांच्या बोटांत बसले आहे त्यांनी नोंद घ्यावी. डेबियनवर लाइटडीएम अजून सातव्यावर दिसतो. जीडीएम लॉगइनचा पडदा पहिल्या व्हीटीवर आणि वापरणाऱ्याचे सत्र दुसऱ्यावर उघडतो, उबुंटूत १७.१०पासून हेच आहे. म्हणून फोनवर 'एफ१ दाबा' असे सांगितले की समोरचा म्हणतो, 'पुन्हा लॉगइनच आले.' एफ३ सांगा. लॅपटॉप असेल तर सोबत एफएन कळही दाबायला सांगा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आता खरा मुद्दा. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ही कर्नलने ऐकायची कळ, असा समज पक्का बसलेला आहे. मजकुरी कन्सोलवर असताना ते खरेच आहे, तिथे नुसते ऑल्ट-एफ३सुद्धा पुरते. ग्राफिकल सत्र चालू असताना मात्र तो व्हीटी ग्राफिक्स मोडमध्ये टाकलेला असतो आणि कर्नलचा कळफलक-हँडलर त्या व्हीटीपुरता बंद केलेला असतो. नाहीतर ब्राउझरमध्ये टाइप केलेला पासवर्ड मागच्या मजकुरी टर्मिनलवरही उमटला असता. तेव्हा ती कळ कंपोझिटर ऐकतो आणि तोच लॉगइनडीला व्हीटी बदलण्याची विनंती करतो. कंपोझिटर गोठला की ऐकणारे कोणी नाही. नेमकी ज्या वेळी गरज असते त्याच वेळी कळ मुकी होते, आणि सांभाळणारा निष्कर्ष काढतो की मशीन गेले. पॉवरचे बटण दाबून धरले जाते.

तसे करण्याआधी दोन वाटा आहेत. पहिली, दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने शिरून रूट म्हणून 'सीएचव्हीटी ३'. जुन्या काळी एक्स सर्व्हर रूट म्हणून चाले आणि व्हीटी सोडण्याचा सिग्नल स्वतःच झेले. तो गोठलेला असेल तर ही आज्ञाही त्याच्या होकाराची वाट पाहत लटकत राही. आता हा होकार कंपोझिटरच्या वतीने लॉगइनडी देतो. ग्राफिक्स कार्डाचा ताबा तो काढून घेतो, माउस-कळफलकाची साधने थांबवतो आणि कर्नलला सांगतो की खुशाल बदला. कंपोझिटर बेशुद्ध असला तरी व्हीटी बदलतो. सिस्टमडीला नावे ठेवणाऱ्यांत आम्हीही अधूनमधून असतो, पण हे काम त्याने चोख केले आहे.

दुसरी वाट नेटवर्क नसतानाची, म्हणजे ऑल्ट-सिसआरक्यू-आर. ही कळ कर्नल थेट ऐकतो आणि कळफलक कच्च्या मोडमधून परत स्वतःकडे घेतो. मग एफ३ चालतो. पण बहुतेक मशीनवर ही वाट कारखान्यातूनच बुजवून येते. सिसआरक्यूच्या आकड्यात कळफलकाच्या नियंत्रणासाठी ४चा बिट लागतो. उबुंटू तिथे १७६ ठेवते, म्हणजे १२८, ३२ आणि १६. सिस्टमडीचा मूळ आकडा तर नुसता १६. दोन्हींत ४ नाही. १७६चे १८० किंवा १६चे २० करा, सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये एका ओळीचे काम आहे. त्याच बिटासोबत सिसआरक्यू-केसुद्धा मोकळी होते, जी त्या व्हीटीवरचे सगळे प्रोग्रॅम मारून टाकते. म्हणून रस्त्यावरच्या कळफलकाला हा आकडा देऊ नये.

आणखी एक घोळ, ज्याच्या खाणाखुणा फसव्या असतात. कोणीतरी मशीन सुरू होताच ग्राफिकल अ‍ॅप उघडावे म्हणून पहिल्या व्हीटीवर आपोआप लॉगइन लावतो आणि तिथल्या प्रोफाइल फाइलमध्ये 'स्टार्टएक्स', पुढे जुन्या सवयीने 'व्हीटी७' लिहितो. एक्स विनारूट चालत असेल तर लगेच 'कॅनॉट ओपन व्हर्च्युअल कन्सोल ७, परमिशन डिनाइड' असे स्वच्छ कळते आणि प्रश्न मिटतो. खरा त्रास होतो तो रूटचे अधिकार देऊन हे दडपले की. पडदा येतो, माउस हलतो, सगळे ठीक वाटते. मग आवाजाच्या सेटिंगमध्ये 'डमी आउटपुट' दिसते, पेनड्राइव्ह लावला की प्रशासकाचा पासवर्ड मागितला जातो, मशीन बंद करायलाही परवानगी लागते. लोक आवाजाचा ड्रायव्हर पुन्हा घालतात, यूएसबीचे नियम लिहितात, शेवटी वापरणाऱ्यालाच सुडोचे अधिकार देऊन मोकळे होतात. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. लॉगइनडीच्या दृष्टीने त्या माणसाचे सत्र पहिल्या व्हीटीवर आहे, आणि पडद्यावर आहे सातवा. सत्र निष्क्रिय, म्हणून साधनांवर हक्क नाही. 'लॉगइनसीटीएल'ला सत्राची माहिती विचारा, अ‍ॅक्टिव्हपुढे 'नो' दिसेल. ज्या व्हीटीवर लॉगइन, त्याच व्हीटीवर सर्व्हर, एवढाच नियम. सिस्टमडीच्या सेवेतून सुरू करत असाल तर 'टीटीवाय-पाथ', 'पॅम-नेम' आणि त्या व्हीटीवर लॉगइन प्रॉम्प्ट देणाऱ्या गेटीशी 'कॉन्फ्लिक्ट्स' या तिन्ही ओळी हव्यात. शेवटची विसरलात तर एकाच पडद्यासाठी दोघे भांडतात.

कन्सोल बंद करणाऱ्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, हेही सांगायला हवे. एक्स सातव्यावर चाले तेव्हा स्क्रीन लॉक करून चहाला गेलेल्या माणसाच्या मशीनवर कंट्रोल-ऑल्ट-एफ१ आणि मग कंट्रोल-सी दाबले की स्टार्टएक्स मरे आणि उघडे शेल हाती येई. त्यावर इलाज होता स्टार्टएक्सच्या आधी 'एक्झेक' लिहिण्याचा. लोकांनी मात्र थेट व्हीटी बदलणेच बंद केले. आज स्टार्टएक्स त्याच व्हीटीवर राहतो, त्यामुळे ते भोक बुजले आहे. उरतो तो तिसऱ्या व्हीटीवर रूट म्हणून शिरून तसाच उठून जाणारा आपलाच सहकारी. त्याच्यासाठी बॅशमध्ये 'टीएमआउट' ३०० ठेवा, पाच मिनिटांत शेल आपोआप बाहेर पडेल.

मराठीत मशीन चालवणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण. संपूर्ण इमेजचे लोकेल मराठी ठेवले की डेस्कटॉप देखणा दिसतो, आणि कन्सोलवर गेले की तारखेपासून एरर मेसेजपर्यंत चौकोनच चौकोन. यात फॉन्ट बसवून उपयोग नाही. कर्नलचा कन्सोल एका वेळी २५६ किंवा फार तर ५१२ आकृत्या ठेवतो, त्यातही ५१२ घेतल्या की रंग निम्मे होतात. आणि एका घरात एक चिन्ह यापलीकडे त्याला काही येत नाही. वेलांटी अक्षराच्या आधी काढणे, जोडाक्षर जुळवणे, हे त्याच्या रचनेतच नाही. डेबियनच्या मजकुरी इन्स्टॉलरमध्ये मराठी मिळत नाही, ग्राफिकलमध्ये मिळते, त्याचे कारण हेच. केएमएसकॉनसारखे कर्नलबाहेरचे टर्मिनल पँगोची मदत घेऊन हे करू शकते. हा विचार आम्हाला पटतो, पण अडचणीच्या वेळी जितके कमी भाग हलत असतील तितके बरे. तोवर प्रोफाइल फाइलमध्ये एक अट घाला. टर्मिनलचा प्रकार 'लिनक्स' असेल तर लोकेल 'सी-यूटीएफ-८', एरवी मराठी. संकटात निदान एरर वाचता येईल. आणि शिफ्ट-पेजअप दाबून मागचे पाहायची सवय सोडा. फ्रेमबफर कन्सोलवरची ती सोय २०२०मध्ये कर्नल ५.९मधून काढून टाकली आहे. 'लेस' वापरा.

सार्वजनिक किऑस्कसाठी केजसारखा कंपोझिटर बरा. तो व्हीटी बदलू देतच नाही, हवे असल्यास 'एस' पर्यायाने मुभा द्यावी लागते. ग्नोम वापरायचेच असेल तर मटरच्या वेलँड कळ-यादीत 'स्विच-टू-सेशन' नावाच्या बारा नोंदी आहेत, त्या डीकॉन्फमधून रिकाम्या करून कुलूपबंद करा. अशा मशीनवर एसएसएच चालू असणे ही मात्र अट समजा, आणि नेटवर्कचा भरवसा नसेल तर सिरिअल कन्सोल.

बाकीच्या मशीनवर लॉगइनडीचे 'रिझर्व्ह-व्हीटी' ६वरच राहू द्या. ते सहाव्या व्हीटीवरची गेटी राखून ठेवते, ती जागा दुसऱ्या सत्राला जात नाही. इमेज तयार झाल्यावर वाटण्याआधी एक चाचणी घ्या. एसएसएचने शिरून कंपोझिटरच्या प्रक्रियेला 'स्टॉप' सिग्नल द्या. पडदा गोठेल. आता आधी कळफलकावरून एफ६ दाबून पाहा, काही होणार नाही. मग सिसआरक्यू-आर आणि पुन्हा एफ६. मग कंपोझिटरला 'कंट' देऊन डेस्कटॉपवर परत या, पुन्हा थांबवा आणि या वेळी एसएसएचवरून 'सीएचव्हीटी ६'. दोन्ही वेळा लॉगइन प्रॉम्प्ट आला तर इमेज बाहेर जायला हरकत नाही. व्हीटी बदलल्याचे कळते पण पडदा काळाच, असे झाले तर दोष ड्रायव्हरच्या मोडसेटिंगमध्ये आहे. कर्नलच्या ओळीत 'नोमोडसेट' राहून गेले आहे का ते पाहा, आणि जर्नल त्याच एसएसएचच्या खिडकीत उघडा.