आधी जोडणी बदला, मग कार्ड घ्या : प्रयोगशाळेतील व्हर्च्युअल मशिनच्या नेटवर्कबाबत निवेदन

प्रति,
मा. प्राचार्य,
(विभागप्रमुख, संगणकशास्त्र यांच्यामार्फत)

विषय : प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरील व्हर्च्युअल मशिनची नेटवर्क-जोडणी बदलून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आम्ही, बी.एस्सी. संगणकशास्त्र तृतीय वर्षाचे विद्यार्थी व प्रयोगशाळा सहायक, पुढील निवेदन सादर करतो.

आमची नेटवर्कची सर्व प्रात्यक्षिके प्रयोगशाळेतील एकाच लिनक्स सर्व्हरवर, केव्हीएमच्या आधारे चालणाऱ्या व्हर्च्युअल मशिनवर होतात. ही मशिन मंद चालतात, ही तक्रार जुनीच आहे. त्यावर उपाय म्हणून १० गिगाबिटचे नवे कार्ड घेण्याचा प्रस्ताव असल्याचे समजते. आस्थेबद्दल आभार, परंतु दुखणे कार्डात नसून जोडणीत आहे, हे आपल्या निदर्शनास आणून देणे आम्हांस आवश्यक वाटते.

एक प्रसंग नमूद करतो. एका मशिनवर वेब सर्व्हर आणि शेजारच्या विद्यार्थ्याच्या मशिनवर डेटाबेस, असे प्रात्यक्षिक होते. शेजाऱ्याचा पत्ता विचारला : १०.०.२.१५. पिंग केले, लगेच उत्तर आले. सगळ्यांनी आनंदाने जर्नलमध्ये नोंद केली. डेटाबेस मात्र काही केल्या जोडला जाईना. मग लक्षात आले की, बॅचमधल्या प्रत्येक मशिनचा पत्ता १०.०.२.१५ हाच आहे, आणि आम्हांला उत्तर देत होते ते आमचेच मशिन!

याचे कारण ‘युझर मोड’ जोडणी. तिला रूट अधिकार लागत नाहीत, म्हणून सुरुवातीला ती सोयीची वाटली असावी. मात्र तिच्यात प्रत्येक मशिन आपापल्या खोलीत कोंडलेले असते. ते बाहेर हाक मारू शकते. पोर्ट मुद्दाम उघडून दिल्याशिवाय बाहेरून कोणी त्याला हाक मारू शकत नाही. शिवाय प्रत्येक पॅकेटचे भाषांतर मशिन चालवणाऱ्या ‘क्यूएमू’ या प्रोग्रॅमच्या प्रोसेसमध्येच होत असल्याने प्रोसेसरवर नाहक भार पडतो.

मंदपणाचे दुसरे कारण ‘ई१०००’ हे आभासी कार्ड. ते इंटेलच्या जुन्या गिगाबिट कार्डाची हुबेहूब नक्कल करते. आत चालणाऱ्या लिनक्सला ते खरेच कार्ड वाटते. त्याने कार्डाच्या रजिस्टरला हात लावला की बहुतेक वेळा मशिन थांबते, हायपरवायझर ती नक्कल वठवतो आणि मग काम पुढे सरकते. ‘व्हर्टआयओ’मध्ये हे सोंग नाही. आपण आभासी कार्डाशी बोलत आहोत हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. पॅकेट सामाईक मेमरीतल्या रांगेत ठेवले जातात आणि अनेक पॅकेटमागे एकदाच सूचना दिली तरी भागते. लिनक्स कर्नलमध्ये व्हर्टआयओ २००८ पासून आहे. पॅकेट हाताळण्याचे काम क्यूएमूकडून कर्नलकडे नेणारे ‘व्हीहोस्ट-नेट’ २०१० मध्ये आले. म्हणजे आम्ही नवे काही मागत नाही. सर्व्हरवर आधीपासून असलेलेच वापरू द्या, एवढीच विनंती आहे.

अन्य पर्यायांचाही आम्ही विचार केला. ‘मॅकव्हीटॅप’ मांडायला सोपे आहे, परंतु त्यात मशिन आणि खुद्द सर्व्हर सहसा एकमेकांशी बोलू शकत नाहीत. आमच्या फाइली तर सर्व्हरवरच आहेत. ‘एसआर-आयओव्ही’मध्ये कार्डाचा तुकडाच मशिनला मिळतो, वेग उत्तम, पण त्यासाठी तसे कार्ड हवे आणि चालते मशिन दुसऱ्या सर्व्हरवर हलवणे अवघड होते. आमच्या कामाला ब्रिज, म्हणजे सर्व्हरमधलाच आभासी स्विच, पुरेसा आहे. एकाच ब्रिजवरील दोन मशिनमधले पॅकेट सर्व्हरच्या मेमरीतच फिरतात, केबलपर्यंत जातच नाहीत. तिथे १० गिगाबिटचे कार्डही काही करू शकणार नाही.

तरी आमच्या मागण्या अशा :

१. सर्व्हरवर ब्रिज तयार करून सर्व मशिन त्यावर जोडावीत.

२. ‘ई१०००’ऐवजी व्हर्टआयओ कार्ड द्यावे व व्हीहोस्ट-नेट सुरू असल्याची खात्री करावी. विंडोजच्या मशिनमध्ये त्याचा ड्रायव्हर आधी टाकावा, अन्यथा बदलानंतर नेटवर्कच दिसणार नाही.

३. सुरक्षेच्या प्रात्यक्षिकांसाठी बाहेरच्या केबलला न जोडलेला स्वतंत्र ब्रिज ठेवावा. आमचे प्रयोग कार्यालयाच्या नेटवर्कवर जाता कामा नयेत, हे आम्हांसही मान्य आहे.

४. ब्रिजमुळे एका पोर्टवर अनेक मॅक पत्ते दिसल्यास बाहेरचा स्विच ते पोर्ट बंद करू शकतो. म्हणून प्रयोगशाळेसाठी स्वतंत्र व्हीलॅन, परवानगीच्या पत्त्यांची यादी व राखीव आयपी पत्ते द्यावेत.

५. लिनक्स पॅकेजचा साठा याच सर्व्हरवर ठेवावा. २० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ४ जीबीची फाइल १ गिगाबिटच्या केबलवरून आणली, तर केबल पूर्ण मोकळी असूनही १० मिनिटे ४० सेकंद लागतात. तासिकेतला तेवढा वेळ वाचेल.

६. बदलाआधी व नंतर ‘आयपर्फ३’ने वेग मोजून, त्याच वेळी प्रोसेसरचा भारही नोंदवावा. ते आकडे पाहूनच कार्डाच्या खरेदीचा निर्णय घ्यावा.

हे काम दिवाळीच्या सुट्टीत, प्रत्येक मशिनची मांडणी असलेल्या एक्सएमएल फाइलची प्रत काढून, सर्व्हरला मॉनिटर व कीबोर्ड जोडून, समोर बसून करावे. दुरून लॉगिन करून ब्रिज बांधताना एक चूक झाली तर आपलाच संपर्क तुटतो. मदतीस आम्ही हजर राहू.

पहिल्या तीन मागण्यांसाठी एक रुपयाही खर्च नाही. त्यांना लागते ती आपली परवानगी आणि सुट्टीतला एक दिवस. ती परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
तृतीय वर्ष संगणकशास्त्राचे विद्यार्थी प्रतिनिधी
व प्रयोगशाळा सहायक

प्रत माहितीसाठी : नेटवर्क प्रशासक, खरेदी समिती.