शेगडीआधी वायर

हल्ली घरोघरी एक प्रेमळ उद्योग चालतो. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेली मुलं जुन्या घरात राहणाऱ्या आईवडिलांना इंडक्शन शेगडी भेट देतात. हेतू चांगलाच. आईला विसरायला होतं, गॅस तसाच चालू राहतो, त्यापेक्षा ठरल्या वेळी आपोआप बंद होणारी ही शेगडी बरी. सगळं मान्य. पण माझं मत विचाराल तर, ज्या घराचं वायरिंग तीस-चाळीस वर्षांचं आहे तिथे शेगडीच्या आधी वायरमन पाठवावा.

गणित सोपं आहे हो. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढते. जुन्या ओट्यामागचा पॉइंट बहुधा मिक्सरपुरता, म्हणजे ५-६ अँपिअरचा. मग कोणीतरी शेजारच्या दुकानातून कन्व्हर्टर आणतं आणि मोठा टॉप छोट्या सॉकेटमध्ये बसतो. शेगडी चालते, सगळे खूश. प्रवाह झेपण्यापेक्षा दीडपट झाला की उष्णता मात्र सव्वादोन पट होते, आणि ती भिंतीच्या आत होते, जिथे कुणाचं लक्ष नसतं. त्यात त्याच बोर्डावर १५०० वॅटची किटली लावली तर झालंच!

जुन्या घरांची आणखी एक गोष्ट. एके काळी तांबं वाचवायचं म्हणून आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या वायरी सर्रास वापरल्या गेल्या. ॲल्युमिनियम तापून-थंडावून स्क्रूखाली सैल होतं, त्यावर ऑक्साइडचा थर बसतो, आणि सैल सांधा अजून तापतो. आग लागायला कारण हवं असेल तर हे पुरेसं आहे.

"इतकी वर्षं काही झालं नाही" हे आपल्या सगळ्या काका-मामांचं आवडतं वाक्य. काका, इतकी वर्षं त्या वायरीवर दोन ट्यूब आणि एक मिक्सर होता! वायर तीच राहिली, भार बदलला. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालणं, किंवा १६ च्या जागी ३२ चा एमसीबी बसवणं हा तर उपायच नव्हे. एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की त्याच्या जागी वायरच जळणार.

आणि एमसीबी माणसाला वाचवत नाही, हेही लक्षात घ्या. ओल्या हाताने स्टीलच्या किटलीला हात लावणाऱ्या आजीला वाचवतो तो ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, आणि त्याच्या जोडीला खरं अर्थिंग. अनेक जुन्या बोर्डांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. काही महाभाग तर ते न्यूट्रललाच जोडून देतात. न्यूट्रल कुठे तुटला तर उपकरणाच्या अंगावरच फेज येतो.

मग करायचं काय? मुख्य बोर्डापासून ओट्यापर्यंत शेगडीसाठी वेगळी लाइन टाका: ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, तेवढाच एमसीबी. सॉकेट सिंक आणि वाफेपासून लांब. घरावर आरसीसीबी नसेल तर तोही बसवून घ्या आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबत जा. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, मेगर लावून तपासायला सांगा. मीटरवरचा मंजूर भार पुरेसा आहे का तेही बघा, नसेल तर वाढवून मिळतो. हे घरच्या घरी यूट्यूब बघून करायचं काम नाही.

तोडफोड नको, धूळ नको, खर्च नको, हे मला कळतं. भिंत फोडायची नसेल तर पीव्हीसी पट्टीतून वरून वायर नेता येते. जरा दिसायला वाईट, पण चालतं. ग्रॅनाइट आणि ट्रॉल्यांवर लाखभर सहज घालवणारे आपण वायरीपाशी येऊन काटकसर करतो, कारण ती पाहुण्यांना दिसत नाही.

असो. या रविवारी घरी फोन कराल तेव्हा तब्येतीबरोबर एवढंही विचारा: शेगडीचा टॉप कुठे लावता, आणि तो काळा पडलाय का? उत्तर "हो, थोडासा" असं आलं, तर शेगडी त्या क्षणी बंद करायला सांगा.