अर्जेंटिनाचे मांस आणि सरकारी दाखला

अमेरिकेत गोमांसाचे भाव भडकले म्हणून ते उतरविण्यासाठी अर्जेंटिनातून अधिक मांस आणण्याचा मनोदय अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रकट केला, तेव्हा त्यांचे एरवीचे समर्थक असलेले अमेरिकी पशुपालक खवळून उठले. आपल्या गुरांचे भाव पडतील, हे त्यांचे खरे दुखणे. आणि ते त्यांनी लपविलेही नाही. परंतु त्याच दमात त्यांच्या संघटनांनी अर्जेंटिनातील लाळ्या-खुरकुताच्या इतिहासाचे स्मरण करून दिले. अर्जेंटिनात या रोगाचा शेवटचा प्रादुर्भाव २००६ मध्ये झाला होता. एकोणीस वर्षांनंतरही तो एखाद्या देशाच्या तोंडावर फेकता येतो, ही गोष्ट आम्हांला विचार करण्याजोगी वाटते.

लाळ्या-खुरकूत म्हणजे काय, हे आमच्या शहरी वाचकांपैकी ज्यांचे गावाकडील गोठ्याशी नाते अद्याप तुटलेले नाही त्यांना सांगावयास नको. तोंडात व खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळ गळते, जनावर लंगडते, दूध आटते. मोठे जनावर बहुधा वाचते. वासरे मात्र दगावतात. माणसाला या रोगापासून जवळजवळ काहीच भय नसते. तरीही व्यापाराच्या दृष्टीने याच्याइतका भयंकर रोग दुसरा नाही. कारण तो वाऱ्यासारखा पसरतो आणि मांसाबरोबर सातासमुद्रापार जातो. जनावर कापल्यावर स्नायूंमध्ये आम्लता वाढते व तीत रोगाचा विषाणू मरतो, पण हाडांतील मगजात आणि ग्रंथींत तो तग धरतो. म्हणून जेथे हा रोग आहे त्या देशाचे मांस हाडे आणि ग्रंथी काढूनच घ्यावे, असा नियम रूढ झाला. नियम शास्त्रशुद्ध आहे. त्याचा उपयोग मात्र नेहमीच शास्त्रासाठी झाला असे नाही.

शाळेतल्या भूगोलात पंपासच्या कुरणांचा धडा आपण सर्वांनीच घोकलेला असतो. त्या कुरणांवरचे मांस प्रथम खारवून व वाळवून ब्राझील आणि क्यूबा येथील गुलामांच्या पोटी जात असे. १८७६ मध्ये ‘फ्रिगोरिफिक’ नावाचे फ्रेंच जहाज थंड केलेले मांस घेऊन ब्युनोस आयर्सला पोहोचले आणि ताजे मांस अटलांटिक ओलांडू शकते हे सिद्ध झाले. १९०० मध्ये ब्रिटनने लाळ्या-खुरकुताचे कारण देऊन अर्जेंटिनाच्या जिवंत गुरांना आपली बंदरे बंद केली. गुरे जाईनात, तेव्हा त्यांचे मांसच गोठवून पाठवावे लागले. शीतगृहांचे कारखाने भराभर वाढले आणि ते इंग्रज व अमेरिकी कंपन्यांच्या हाती गेले. एका रोगाच्या निमित्ताने राष्ट्राच्या मुख्य धंद्याची किल्लीच परक्यांच्या कमरेला लागली. पुढे १९२७ पासून अमेरिकेने अर्जेंटिनाचे ताजे मांस बंद केले आणि १९३० च्या जकात कायद्यात ही बंदी कायमची गोवून टाकली. तीही एखाद्या जिल्ह्यापुरती किंवा प्रांतापुरती नव्हे, तर रोग कोठेही असला की सबंध देशावर. दक्षिणेकडील पाटागोनियात रोग नव्हता, म्हणून तेवढ्या भागाचे मांस घ्यावे असा आरोग्यविषयक करार १९३५ मध्ये दोन्ही सरकारांनी केला. अमेरिकन सिनेटने तो कधी संमत केलाच नाही. तेथे विषाणूचा प्रश्न नव्हता. पश्चिमेकडील राज्यांतील गुरेवाल्यांच्या मतांचा होता.

अमेरिकेचे दार बंद, म्हणून ब्रिटनचे दार धरून ठेवणे अर्जेंटिनाला भाग पडले. १९३२ च्या ओटावा परिषदेत ब्रिटनने आपल्या वसाहतींच्या मालाला झुकते माप दिले, तेव्हा घाबरलेल्या ब्युनोस आयर्सने उपाध्यक्ष रोका यांना लंडनला धाडले. १९३३ च्या रोका-रन्सिमन कराराने मांसाची खरेदी टिकली. पण निर्यातीचा ८५ टक्के वाटा परकी कारखानदारांच्या हाती राहील असे त्यात ठरले. लिसांद्रो द ला तोर्रे या सिनेटरने या व्यवहाराची चौकशी आरंभिली, तेव्हा एका इंग्रज कंपनीचे हिशेबाचे कागद जहाजावर डबाबंद मांसाच्या म्हणून बांधलेल्या पेट्यांत सापडले. २३ जुलै १९३५ रोजी सिनेटच्या सभागृहातच गोळ्या झाडल्या गेल्या आणि द ला तोर्रे यांचे सहकारी एन्झो बोर्दाबेहेरे ठार झाले. मांसाच्या भावावरून विधिमंडळात रक्त सांडावे, असा हा प्रसंग जगाच्या संसदीय इतिहासात विरळाच.

एवढे वाचल्यावर वाचकांची सहानुभूती अर्जेंटिनाकडे वळेल, आणि ते अस्थानी होणार नाही. परंतु या कथेला दुसरी बाजूही आहे. १९६४ मध्ये स्कॉटलंडमधील अबर्डीन शहरात विषमज्वराची साथ येऊन चारशेहून अधिक लोक आजारी पडले. साथीचा माग काढता काढता अधिकारी एका दुकानातील अर्जेंटिनी डबाबंद मांसापर्यंत आले. कारखान्यात तापलेले डबे नदीच्या अशुद्ध पाण्याने निवविले जात होते. १९६७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात लाळ्या-खुरकूत उद्भवला, चार लाखांहून अधिक जनावरे मारून पुरावी लागली, आणि संशयाचे बोट अर्जेंटिनाहून आलेल्या कोकराच्या मांसाकडे वळले. त्यानंतर ब्रिटनने हाडासह मांस घेणे सोडले. या दोन प्रसंगी घेणाऱ्यांची भीती काल्पनिक होती, असे कोणास म्हणता येईल?

तरीही आमच्या मते अर्जेंटिनाच्या पतीला खरा तडा गेला तो २००० आणि २००१ या दोन वर्षांत. आणि तो कोणा शत्रूने पाडला नाही. अनेक वर्षांच्या चिकाटीच्या लसीकरणाने रोग हटला होता. १९९७ मध्ये अमेरिकेने सत्तर वर्षांनी २० हजार टनांपुरते का होईना पण दार उघडले होते. १९९९ मध्ये लस टोचणे थांबविण्यात आले आणि मे २००० मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय पशुआरोग्य संघटनेने ‘लसीविना रोगमुक्त’ हा सर्वोच्च दर्जा दिला. तीन महिनेही लोटले नाहीत तोच पॅराग्वेतून चोरून आणलेल्या गुरांबरोबर रोग परत आला. त्या वेळी देश कर्जाच्या दलदलीत रुतला होता आणि डॉलर आणणारा प्रत्येक धंदा सरकारला प्राणाहून प्रिय होता. रोग आहे असे म्हणावे तर निर्यात जाते. नाही म्हणावे तर रोग पसरतो. सरकारने दुसरा मार्ग पत्करला. गावोगाव जनावरे लंगडत होती, पशुवैद्यांना ते दिसत होते, आणि कागदोपत्री देश निरोगी होता. मार्च २००१ मध्ये कबुली देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तोवर दोन हजारांहून अधिक ठिकाणी रोग पोहोचणार हे निश्चित झाले होते, आणि युरोप-अमेरिकेचे दरवाजे बंद झाले.

शेजारच्या उरुग्वेलाही त्याच सुमारास हाच रोग झाला. त्या चिमुकल्या देशाने तो उघड केला, लस टोचली, आणि २००३ मध्ये अमेरिकेची बाजारपेठ परत मिळविली. अर्जेंटिनाला त्यासाठी २०१८ उजाडावे लागले. हा फरक सर्वस्वी खरेखोटेपणाचा आहे असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मोठ्या स्पर्धकाला अडविण्यात अमेरिकी गुरेवाल्यांचा स्वार्थ होताच, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांनी २०१५ मध्ये अमेरिकेची दिरंगाई नियमबाह्य ठरविली हेही खरे. पण ज्याने एकदा खोटा दाखला दिला त्याचा खराही दाखला अडवून धरणे सोपे जाते. अमेरिकी गुरेवाल्यांच्या हाती हे शस्त्र ब्युनोस आयर्सच्या कचेऱ्यांनीच आणून दिले.

रोग संपला तरी राजकारण संपले नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये कोरिएन्तेस प्रांतात लाळ्या-खुरकूत आढळला. या वेळी तो जाहीर झाला आणि आवरलाही गेला. पुढच्याच महिन्यात अध्यक्ष नेस्तोर किर्शनर यांनी युरोपचा ठराविक कोटा वगळता गोमांसाची निर्यात १८० दिवसांसाठी थांबविली. ती रोगासाठी नव्हे, शहरातील खाटकाच्या दुकानचा भाव उतरावा म्हणून. शहरी मतदाराची ही तक्रार क्षुल्लक नव्हती. अर्जेंटिनात रविवारच्या निखाऱ्यावरचे मांस हे आपल्याकडच्या सणाच्या पक्वान्नासारखे आहे. ते मजुराच्या ताटातून जाऊ लागले तर सरकारने स्वस्थ बसावे काय? पण उपाय काय झाला? भाव काही काळ दबला. पशुपालकाने हिशेब केला आणि वासरे देणाऱ्या गाईच कसाईखान्यात धाडल्या, कुरणे नांगरून सोयाबीन पेरले. त्यात २००८-०९ चा दुष्काळ आला. काही वर्षांत देशातील गुरांची संख्या सुमारे एक कोटीने घटली, आणि मग जो भाव चढला तो दाबूनही दबेना. एके काळी ज्याची गणना होत नसे तो उरुग्वे काही वर्षे निर्यातीत पुढे गेला. २०२१ च्या मे महिन्यात अध्यक्ष आल्बेर्तो फर्नांदेझ यांनी तीस दिवसांची निर्यातबंदी करून हाच प्रयोग पुन्हा केला, आणि पशुपालकांनी गुरे बाजारात आणणेच थांबविले. पंधरा वर्षांपूर्वीचे गणित चुकलेल्या विद्यार्थ्याने तेच गणित त्याच रीतीने पुन्हा सोडवावे, तसा हा प्रकार झाला.

आता हावियर मिलेई यांचे सरकार उलट टोकाला आहे. निर्यातीवरचे कर उतरविले जात आहेत, निम्म्याहून अधिक माल चीनकडे जातो, आणि २०२४ मध्ये अर्जेंटिनी माणसाचे वर्षाचे गोमांस सरासरी ५० किलोंच्या खाली आले. पण भाववाढीची धास्ती या सरकारलाही आहेच. पाटागोनियात लस न टोचता रोगमुक्तीचा दर्जा टिकविलेला असल्यामुळे उत्तरेकडील हाडासह मांस तेथे नेण्यास मनाई होती, आणि म्हणून तेथे मांस फार महाग होते. २०२५ मध्ये सरकारने या बंधनात काही सूट देऊ केली, तेव्हा पाटागोनियाच्या मेंढपाळांनी कडाडून विरोध केला. त्यांच्या मते ग्राहकाला स्वस्त बरगडी देण्यासाठी वीस वर्षांच्या श्रमाचा दर्जा पणाला लावला जात होता. आम्हांला त्यांचे म्हणणे ग्राह्य वाटते. धोका लहान असेलही. पण तो किती लहान हे ठरविण्याचे काम पशुवैद्याचे आहे, महागाईच्या आकड्यांकडे डोळे लावून बसलेल्या मंत्र्याचे नव्हे.

हा सारा दूरदेशीचा प्रपंच म्हणून सोडून देता आला असता. पण भारतही म्हशीच्या मांसाचा जगातील एक मोठा निर्यातदार आहे. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत अद्याप आहे, आणि त्याच कारणाने आपले मांस हाडाविना जाते. मांसाचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा एकाच वळणाने जाते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आणली, तिच्या बाजूने आणि विरुद्ध जेवढी शाई खर्च झाली तिच्या शतांशही २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय लसीकरण मोहिमेसाठी खर्च झाली नाही. ही मोहीम मांस खाणाऱ्याच्या हिताची तशीच दुभत्या जनावरावर संसार चालविणाऱ्या शाकाहारी शेतकऱ्याच्याही हिताची आहे. २०२५ पर्यंत रोग आटोक्यात आणण्याचे आणि २०३० पर्यंत तो निपटून काढण्याचे उद्दिष्ट तिच्यापुढे ठेवले होते.

जनावरांच्या कानांत बारा अंकी पिवळे बिल्ले आले आहेत. टोचलेल्या डोसांचे कोटींतील आकडेही वेळोवेळी जाहीर होतात. डोस टोचल्यावर जनावराच्या रक्तात प्रतिकारशक्ती आली की नाही, लस तालुक्यापर्यंत पोहोचेतो थंड राहिली की नाही, आणि कोणत्या जिल्ह्यात गेल्या वर्षी रोग दिसला, हे आकडे मात्र सामान्य पशुपालकाच्या नजरेस पडत नाहीत. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने ते जिल्हावार आणि मराठीत, वाईट असतील तर वाईट, दर सहा महिन्यांनी छापावेत, अशी आमची मागणी आहे. आणि आपल्या तालुक्यात रोग आहे असे प्रथम लिहून कळविणाऱ्या पशुधन अधिकाऱ्याची त्यापायी बदली होणार नाही, एवढी हमी मंत्रिमहोदयांनी विधानसभेत द्यावी.