जुनी मोटार घेताना

फंडाच्या पैशातून डिकीवाली जुनी डिझेल मोटार घेण्याचे बेत अनेक घरांत शिजतात. जरूर घ्या, पण रंग आणि सीटकव्हर पाहून नको, असे आम्ही सांगतो. इंजिन थंड असतानाच चालू करावे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. इंजिन बंद न पडता फिरतच राहिले तर क्लचप्लेट गेली. तिच्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा प्रेशरप्लेट आणि बेअरिंगही त्याच मजुरीत उरकावे. टायमिंग बेल्ट असेल तर बदलल्याची पावती मागा. तो चालत्या गाडीत तुटला की अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, हेड खोलावे लागते. वस्तीतला मिस्त्री सोबत न्या. आपला माणूस म्हणून फुकट राबवू नका, दिवसाची मजुरी द्या. बयाणा त्याने गाडी चालवून पाहिल्यावरच.